शाळा, घर आणि परिचारिका



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून सहसा इतिहास, साहित्य, राजकारण, अर्थकारण असे भारदस्त विषय मांडले जातात. त्या मानाने आमचा आजचा विषय लहान आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी परिचारिका असावी काय, असली तर तिने करावे काय, आणि ती नसल्यामुळे आपले नेमके काय बिघडते, एवढेच आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. सुट्टी संपून जूनच्या मध्यावर शाळा उघडतील, तेव्हा आपण वह्या-पुस्तके, गणवेश, दप्तर, छत्री यांची तयारी करू. पण ज्या डोळ्यांनी ती पुस्तके वाचायची, ज्या कानांनी गुरुजींचे शब्द ऐकायचे आणि ज्या रक्तावर साऱ्या दिवसाचे लक्ष टिकायचे, त्यांची विचारपूस आपण मूल अंथरुणाला खिळेपर्यंत करीत नाही. ही विचारपूस हेच शाळेतील परिचारिकेचे काम होय.

हा विषय परदेशातून आणून इथे लावलेला नाही. आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे वेगळे असले, तरी सांगलीचा जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' या नावानेच जन्माला आला आणि १९६० साली त्याला 'सांगली' हे नाव मिळाले. या मुलखातल्या खंडाळा तालुक्यातील नायगावी १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तिच्या त्या शिक्षिका, हे आपण सारे जाणतो. पण त्यांचा शेवट कसा झाला, हे शिक्षणाची चर्चा करताना आपण बहुधा बाजूला ठेवतो. १८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला. त्या वेळी त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रोग्यांसाठी शहराबाहेर दवाखाना उघडला. प्लेग झालेल्या एका मुलाला सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवर घालून त्या दवाखान्यात आणले असे सांगतात. त्या सेवेतच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुलाला अक्षर शिकवणे आणि आजारी मुलाला पाठीवर घेणे ही त्यांच्या लेखी दोन कामे नव्हती.

पुढे काळाच्या ओघात ही दोन कामे वेगळी झाली. शिक्षिका शाळेत राहिली आणि परिचारिका रुग्णालयात गेली. आपल्या भागात मिरजेला १८९४ साली डॉ. वान्लेस यांनी रुग्णालय उभारले, पुढे तेथे परिचारिकांचे रीतसर शिक्षणही सुरू झाले, आणि मिरजेची नर्सबाई हे नाव कर्नाटकाच्या सीमेपलीकडेही विश्वासाने घेतले जाऊ लागले. १९६२ साली मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. रोग्याच्या शुश्रूषेसाठी शिकलेली माणसे या मुलखाने घडवली, यात शंका नाही. मात्र ही सारी मंडळी रुग्णालयाच्या दाराआड थांबली. तिथे मूल पोहोचते ते आजार बळावल्यावर.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. जातीपातीची मुले एका पंगतीला बसवणारे हे वसतिगृह चालवताना पैशांची ओढाताण झाली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही त्या मुलांच्या पोटासाठी दिले. शिकणाऱ्या पोराच्या पोटाची आणि प्रकृतीची काळजी कुणीतरी आईच्या नात्याने वाहावी लागते, हे त्या घराला कळले होते. वसतिगृहात ते शक्य झाले, कारण शाळा आणि घर तेथे एकाच छपराखाली होते. गावच्या शाळेत तसे नाही. तिथे शाळा एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला, आणि दवाखाना तर अनेकदा तिसऱ्याच गावी असतो.

शाळेतल्या मुलांची प्रकृती ही सरकारची चिंता केव्हापासून झाली, हेही पाहण्यासारखे आहे. जोवर शाळा ऐच्छिक होती, तोवर दुखणाईत मूल घरी राहिले तर कुणाचे काही अडत नसे. शिक्षण सक्तीचे झाले तेव्हा चित्र पालटले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०९ साली, हिंदुस्थानात पहिल्यांदा, त्याच बडोदे शहरात शाळांतील मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. या दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या हे स्वाभाविकच होते. सरकार मुलाला सक्तीने वर्गात बसवणार असेल, तर बसण्याजोगी त्याची प्रकृती आहे की नाही हे पाहणेही त्याच्याकडेच येते. आपल्या शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९६० साली केंद्र सरकारने श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली. आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला. त्या कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय असावे याची यादी आहे. शिक्षक किती, वर्ग किती, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण, कुंपण, ग्रंथालय, सारे तीत आहे. परिचारिका मात्र तीत नाही.

डॉक्टरांची तपासणी झाली म्हणजे पुरे, परिचारिका कशाला, असे कुणी म्हणेल. याचे उत्तर न्यूयॉर्क शहराने सव्वाशे वर्षांपूर्वी अनुभवाने मिळवले आहे. तेथे शाळांत डॉक्टर येत, मुले तपासत आणि खरूज, गजकर्ण, उवा, खुपऱ्या यांपैकी काही आढळले की मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला घरी धाडत. आईबाप गरीब, बहुतेक परमुलखातून पोटासाठी आलेले. त्यांना ती चिठ्ठी वाचता येत नसे, आणि वाचता आली तरी काय करावे ते कळत नसे. मूल शाळेतून निघे आणि रस्त्यावर त्याच सवंगड्यांत खेळत बसे. रोगही बरा होत नसे आणि शिक्षणही बुडे. तेव्हा लिलियन वॉल्ड या समाजसेविकेने आपल्या संस्थेतील लीना रॉजर्स नावाची परिचारिका शहराला महिनाभर वापरून पाहायला दिली. १ ऑक्टोबर १९०२ रोजी तिने काम सुरू केले. वाट्याला चार शाळा आणि सुमारे दहा हजार मुले होती. किरकोळ दुखण्यांवर ती शाळेतच औषध लावी, आणि शाळा सुटल्यावर घरोघर जाऊन आईला जखम कशी धुवावी, केस कसे साफ करावेत, हे हाताने करून दाखवी. महिन्याभराच्या अनुभवानंतर शहराने आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारामुळे शाळेतून घरी धाडलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. पुढच्या सप्टेंबरमध्ये ती १,१०१ झाली. डॉक्टर तेच होते आणि रोगही तेच होते. शाळा आणि घर यांच्या मधले अंतर रोज चालणारे एक माणूस तेवढे नवे आले होते.

आता आपल्याकडची स्थिती पाहू. ती वाईट आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाला आरंभ झाला. त्यात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे पथक गाडीने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा जाते, जन्मतः असलेले व्यंग, कमतरतेचे विकार, आजार आणि वाढीतला उशीर शोधते आणि पुढील उपचारांसाठी चिठ्ठी देते. पुढचा उपचार, हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंत, मोफत होण्याची सोय या कार्यक्रमात आहे. २०१५ पासून जंतनाशक दिनाला शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मिळते. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी आणि त्यांहून मोठ्यांना निळी गोळी देण्याची योजना आहे. दहाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस आहे. यातली कोणतीही गोष्ट क्षुल्लक नाही.

परंतु तपासणीचा दिवस वर्षातून एक आणि मुलाचे दिवस तीनशे पासष्ट. पथक आले त्या दिवशी जे मूल गैरहजर असेल, ते पुढल्या वर्षापर्यंत सुटले. जे हजर होते आणि ज्याला चिठ्ठी मिळाली, त्याची चिठ्ठी दप्तरात राहिली, की आईच्या हाती पडली, की बापाने 'या सुगीनंतर बघू' म्हणून दिवळीत ठेवली, हे विचारायला दुसऱ्या दिवशी कोण येणार? न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली जी फट होती, तीच ही फट. आमचा आजचा मुद्दा एवढाच आहे की रोग शोधण्याची सोय आपण केली. शोधलेल्या मुलाला बरे होईपर्यंत सोबत करण्याची सोय अजून करायची आहे.

ही सोबत म्हणजे काय, ते चार-दोन उदाहरणांनी सांगतो.

पहिले उदाहरण डोळ्यांचे. ज्या मुलाला लांबचे अंधुक दिसते, त्याला आपल्याला कमी दिसते हे ठाऊकच नसते. जगाला सारे असेच दिसत असेल, असे ते समजते. फळ्यावरचे त्याला वाचता येत नाही, म्हणून ते शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहिते, आणि गुरुजी त्याला नकलाकार ठरवतात. परिचारिका अक्षरांचा तक्ता सहा मीटरांवर टांगून पाच मिनिटांत खरे कारण काढते. शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची सरकारी योजना आहेच. पण चष्मा मिळणे हे अर्धेच काम. 'मुलीला चष्मा लागला तर पुढे लग्नाचे काय' म्हणून आजी तो ट्रंकेत ठेवून देते. तो ट्रंकेतून काढून नाकावर बसवण्यासाठी घरी जाऊन आजीशी गोडीने बोलावे लागते. हे काम कोणत्याही तपासणी-पथकाला जमण्यासारखे नाही.

दुसरे उदाहरण रक्ताचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ साली, देशातील सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ६७ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले, आणि महाराष्ट्राचे प्रमाण त्याहून थोडे अधिकच होते. हीच मुले पुढे प्राथमिक शाळेच्या वर्गांत येतात. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन साडेअकराच्या खाली गेले की ते कमी समजतात. असे मूल तापाने फणफणत नाही, रडत नाही. ते नुसते गप्प बसते, खेळाच्या तासाला कडेला उभे राहते, पाढे म्हणताना दम लागतो म्हणून थांबते. आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो. गुलाबी गोळी रिकाम्या पोटी घेतल्याने एकदा मळमळले की ते पुन्हा गोळी घेत नाही. शौचाला काळे झाले की आई घाबरते. गोळी जेवणानंतर द्यावी, काळे होणे साहजिक आहे, जेवणाबरोबर चहा दिला तर लोह अंगी लागत नाही, अनवाणी शेतात गेल्याने जंत पुन्हा शिरतात, या बारीकसारीक गोष्टी सांगितल्या तरच गोळीचा उपयोग होतो. त्या सांगायला रोजच्या ओळखीचे माणूस लागते.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. घसा दुखतो, ताप येतो आणि जातो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा, घोटा, कोपर असे सांधे आळीपाळीने सुजतात. हा सांधेताप शाळकरी वयाचा रोग. सांधे बरे होतात, पण कधी कधी तो हृदयाच्या झडपांना कायमचे अधू करून जातो. पुन्हा झटका येऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. इंजेक्शन स्वस्त आहे. पण मूल खेळू लागले, हसू लागले की 'आता कशाला टोचायचे' असे घरी वाटते, आणि चुकलेल्या तारखांची किंमत ते मूल विशीत पोहोचल्यावर मोजते. या मुलाची तारीख ज्या वहीत लिहिलेली आहे आणि ती वही जी बाई दर सोमवारी उघडते, ती बाई म्हणजे शाळेची परिचारिका.

याखेरीज रोजची कामे आहेतच. कान वाहत असेल तर त्यात कढत तेल घालू नका हे सांगणे. डोक्यातल्या उवांसाठी रॉकेल चोळण्याची जीवघेणी रीत बंद करणे. अंगावर बधिर चट्टा दिसला तर तो कुष्ठरोगाचा तर नाही ना हे तपासायला मुलाला लगेच पाठवणे, आणि त्याचे औषध मोफत आहे व तो पूर्ण बरा होतो, हे घरच्यांना पटवणे. सातवी-आठवीतल्या मुलींना पाळीविषयी आधीच समजावून सांगणे, म्हणजे त्या दिवसांत शाळा बुडणार नाही. यातले अर्धे काम औषधाचे असेल, तर अर्धे अब्रू राखण्याचे आहे. उवा झालेल्या मुलीला वर्गासमोर उभे केले, तर ती शाळाच सोडते. बाजूला घेऊन, हळू आवाजात, तिच्या आईला बोलावून सांगितले तर आठवड्यात काम होते. परिचारिकेच्या शिक्षणात रोग्याचे गुपित राखण्याची जी शिस्त असते, ती इथे उपयोगी पडते.

आता आपल्या दोन जिल्ह्यांच्या खास अडचणीकडे वळतो. दिवाळीच्या सुमारास कृष्णाकाठी गाळप सुरू होते. वाळवा, पलूस, कऱ्हाड या पट्ट्यात बीडकडून, मराठवाड्यातून, आणि आपल्याच जत व माण तालुक्यांतूनही ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांच्याबरोबर मुले येतात. मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते आणि मूल इथे फडात, कोपीत असते. पथक त्याच्या गावी गेले तेव्हा ते इथे, आणि इथल्या शाळेत आले तेव्हा ते कोणत्याच वर्गात नाही. जंताची गोळी, लोहाची गोळी, लस, साऱ्यांतून ते निसटते. उलट उघड्यावरची झोप, कॅनॉलचे पाणी आणि कोयत्याची जखम त्याच्या वाट्याला येते. दुसरीकडे जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांच्या डोंगराळ भागात एक-दोन शिक्षकी शाळा आहेत. तिथे पावसाळ्यात ओढे भरले की दवाखाना आणखी दूर जातो. आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको की पाणी ओसरल्यावर खरे दुखणे सुरू होते. शाळेची टाकी धुतली का, मुलांच्या पायांना चिखल्या झाल्या का, ताप कुणाला आहे, हे पाहणारे माणूस त्या आठवड्यांत शाळेत रोज हवे असते.

यावर दोन-तीन आक्षेप घेतले जातात, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप, हे काम शिक्षकांनी करावे. शिक्षक पुष्कळ करतातही. मूल आजारी आहे हे पहिल्यांदा त्यांच्याच ध्यानी येते, आणि परिचारिका आली तरी तिचे पहिले डोळे तेच राहतील. पण जखम कोणती साधी आणि कोणती धोक्याची, हे ओळखण्याचे शिक्षण त्यांना मिळालेले नाही, आणि वर्ग सोडून घरोघर जाणे त्यांना शक्य नाही. दुसरा आक्षेप, गावात आरोग्यसेविका आणि आशाताई आहेत. आहेत, आणि त्यांच्यामुळेच आपली बाळंतपणे सुखरूप होतात. परंतु एका उपकेंद्राने पाच हजार, डोंगरात तीन हजार वस्ती सांभाळायची असते. गरोदर बाई, नवजात बाळ, लसीकरण, क्षयरोगी, साथीचे सर्वेक्षण एवढे सारे आटोपून तिच्याकडे शाळेसाठी किती वेळ उरणार? शाळकरी मूल तुलनेने धडधाकट, म्हणून ते नेहमी यादीत शेवटी राहते. तिसरा आक्षेप पैशाचा. प्रत्येक शाळेला एक परिचारिका द्या, असे आम्ही म्हणतच नाही. आपल्याकडे काही शाळा मिळून एक केंद्र, अशी रचना आहेच. दर केंद्रामागे एक परिचारिका नेमली आणि तिने आठवड्याच्या ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत जावे, उरलेल्या वेळात घरभेटी कराव्यात, गाळपाच्या हंगामात एक दिवस कोप्यांकडे द्यावा, एवढे पुरेसे आहे. लीना रॉजर्सकडे दहा हजार मुले होती. आपल्या परिचारिकेकडे त्याहून पुष्कळच कमी असतील.

सरकार हे करील तेव्हा करील, आणि त्यासाठी मागणी लावून धरली पाहिजे. तोवर आपण नागरिकांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. विनाअनुदानित शाळा सोडल्या तर शाळेला कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. त्या समितीने एकच वही ठेवावी. तपासणीत चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, काय आढळले, कुठे पाठवले, गेले की नाही, आणि बरे झाले की नाही, असे पाच रकाने पुरेत. दर महिन्याच्या बैठकीत शेवटचे दोन रकाने तपासावेत, आणि ती वही मुख्याध्यापकांच्या कुलपात राहावी. साखर कारखान्यांनी हंगामापुरती एक परिचारिका तोडणी कामगारांच्या मुलांसाठी नेमली, तर तिचा खर्च कारखान्याला जाणवणारही नाही. आणि मिरज, सांगली, सातारा, कऱ्हाड येथे नोकरीतून निवृत्त झालेल्या कितीतरी परिचारिका आपल्या आळीत राहतात. त्यांचे हात अजून चांगले चालतात आणि त्यांना आपण होऊन बोलावण्याचाच काय तो अवकाश आहे.

शेवटी एवढेच. शाळेच्या पटावर नाव आले म्हणजे मूल शाळेत आले, असे आपण धरून चालतो. पण ज्याला फळा दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही, ज्याच्या अंगात बसण्याइतके रक्त नाही, ते मूल वर्गात असूनही शाळेबाहेरच असते, आणि त्याचे नाव कोणत्याही गळतीच्या तक्त्यात येत नाही. त्याला आत आणण्यासाठी नवी इमारत लागत नाही. आठवड्यातून एकदा वर्गात येणारी, नावाने हाक मारणारी आणि संध्याकाळी त्याच्या घरचा उंबरा ओलांडणारी एक बाई लागते. येत्या जूनमध्ये आपापल्या गावच्या शाळेत आपण जाल, तेव्हा गेल्या वर्षी चिठ्ठी मिळालेल्या मुलांचे पुढे काय झाले, एवढा एकच प्रश्न मुख्याध्यापकांना विचारावा, अशी आमची आपणां सर्वांना विनंती आहे.